स्थिर व समान उष्णता देणाऱ्या चुलीची निवड : बीड जिल्ह्याच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना :

१ मे २०१६ रोजी प्रधानमंत्री उज्ज्वला योजनेचा आरंभ झाला आणि ग्रामीण भागात गॅसची शेगडी मोठ्या प्रमाणावर पोहोचली. तथापि बीड जिल्ह्यातील अनेक घरांत स्नानाचे पाणी तापविणे, भाकरी भाजणे, दूध आटविणे आणि थंडीत ऊब मिळविणे यांसाठी सरपणाचा वापर आजही चालू आहे. बालाघाटाच्या पठारी भागात डिसेंबर-जानेवारीत रात्रीचे तापमान प्रसंगी १० अंश सेल्सिअसच्या खाली उतरते. जिल्ह्यातील वनक्षेत्र अत्यल्प असून सरपण गोळा करण्याचे श्रम व धुराचा त्रास प्रामुख्याने स्त्रियांच्या वाट्याला येतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार घरगुती वायुप्रदूषणामुळे २०२० मध्ये जगभरात सुमारे ३२ लक्ष मृत्यू झाले. त्यामुळे चुलीची निवड हा केवळ सोयीचा प्रश्न राहत नाही. ही निवड कोणत्या तत्त्वांवर करावी, याचे विवेचन करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

स्थिर व समान उष्णता म्हणजे काय ?

‘स्थिर’ ही संज्ञा काळाशी संबंधित आहे, तर ‘समान’ ही जागेशी. जाळ भडकला म्हणजे घर तापते आणि विझला म्हणजे गारठते, अशी चूल स्थिर नव्हे. चुलीपुढे बसणाऱ्याचा चेहरा भाजतो आणि पाठ थंड राहते, अशी चूल समान उष्णता देणारी नव्हे. या दोन्ही दोषांचे मूळ सरपणाच्या ज्वलनप्रक्रियेत आहे. लाकूड तापले की त्याच्या वजनाचा सुमारे तीन चतुर्थांश भाग वायुरूप होतो. हे वायू पेट घेतात तेव्हा ज्वाला दिसते आणि अपुऱ्या हवेमुळे न जळता निसटतात तेव्हा धूर होतो. उरलेला कोळसा मंदपणे, निखाऱ्याच्या रूपाने जळतो. म्हणजेच इंधन स्वभावतः आधी वेगाने व नंतर सावकाश उष्णता देते. या चढउताराला आवर घालणे हे चुलीचे कार्य होय.

जाळ कोंडणे हा उपाय नव्हे :

पुष्कळदा चुलीचे तोंड झाकून किंवा ओले लाकूड घालून जाळ दीर्घकाळ टिकविण्याचा प्रयत्न केला जातो. शास्त्रीय दृष्ट्या हा मार्ग चुकीचा आहे. नुकत्याच तोडलेल्या लाकडात त्याच्या वजनाच्या निम्म्यापर्यंत पाणी असू शकते. नीट वाळविलेल्या लाकडात हे प्रमाण १५ ते २० टक्क्यांवर येते. ओल्या लाकडातील पाण्याची वाफ करण्यातच उष्णतेचा मोठा अंश खर्च होतो. हवा कोंडल्यास ज्वलन अपुरे राहून धूर वाढतो, धुराड्यात डांबरासारखा थर साचतो आणि कार्बन मोनॉक्साइड निर्माण होतो. हा वायू रंगहीन व गंधहीन असल्यामुळे त्याचे अस्तित्व जाणवत नाही. बाळंतिणीच्या बंद खोलीत निखाऱ्यांची शेगडी ठेवण्याची प्रथा याच कारणास्तव धोकादायक ठरते. निखाऱ्यांचा धूर दिसत नाही म्हणून ते निर्धोक आहेत, हा समज घातक आहे. खोलीत हवा खेळती ठेवणे अथवा शेगडीऐवजी गरम पाण्याच्या पिशव्यांचा वापर करणे इष्ट होय.

उष्णता साठविण्याचे तत्त्व :

स्थिर उष्णतेचा खरा मार्ग म्हणजे जाळ स्वच्छ व प्रखर ठेवणे आणि त्याची उष्णता एखाद्या जड वस्तूत साठविणे. फिनलंड, रशिया आदी थंड प्रदेशांत विटांच्या अवजड चुलींमध्ये अल्पकाळ प्रखर जाळ करतात व नंतर कित्येक तास ऊब घेतात, ती याच तत्त्वावर. समान वजनाच्या लोखंडापेक्षा माती जवळजवळ दुप्पट उष्णता साठविते. पाणी तर मातीच्या सुमारे पाचपट साठविते. पत्र्याची शेगडी चटकन तापते व चटकन निवते, याचे कारण तिचे अल्प वजन हे होय.

मात्र या तत्त्वाला दुसरी बाजूही आहे. समजा, १०० किलो वजनाची मातीची चूल सरासरी १०० अंशांनी तापवावयाची आहे. मातीची विशिष्ट उष्णता ०.२ धरल्यास त्यासाठी २००० किलोकॅलरी लागतात. एक किलो कोरड्या लाकडापासून सुमारे ४००० किलोकॅलरी मिळतात. म्हणजे अर्धा किलो सरपणाइतकी उष्णता केवळ चूल तापण्यात जाते. थंडीच्या रात्री ही उष्णता ऊब म्हणून परत मिळते. परंतु एप्रिल-मे महिन्यांत, तापमान ४० अंशांवर असताना, तीच उष्णता स्वयंपाक करणारीला असह्य होते. म्हणून बीडसारख्या जिल्ह्यात बाराही महिने एकच अवजड चूल योग्य ठरत नाही.

परंपरागत साधनांचा विचार :

परंपरेने या प्रश्नाची काही उत्तरे दिलेली आहेत. चुलीला जोडलेला वैल मुख्य जाळाची उरलेली उष्णता घेतो. त्यामुळे वरण अथवा दूध न करपता मंद आचेवर शिजते. पाणी तापविण्याच्या बंबात मध्यभागी अग्निनलिका असून तिच्याभोवती पाणी असते. नलिका धुराड्याचे काम करीत असल्याने हवेचा ओढा चांगला राहतो आणि जाळ चहूबाजूंनी पाण्याने वेढलेला असल्याने उष्णता फारशी वाया जात नाही. मराठवाड्यातील जाड भिंतींचे माळवदाचे घर स्वतःच उष्णतेचा साठा असते. याउलट पत्र्याच्या छताचे घर साठविलेली उष्णता लवकर गमावते. तेथे चुलीपेक्षा छताखाली आच्छादन घालण्यावर आधी विचार व्हावा.

सुधारित चुलींचा अनुभव :

१९५६ पर्यंत बीड जिल्हा हैदराबाद राज्यात होता. त्याच राज्यातील हैदराबाद अभियांत्रिकी संशोधन प्रयोगशाळेत एस. पी. राजू यांनी १९५० च्या दशकाच्या आरंभी धुराड्याची ‘हर्ल’ चूल विकसित केली, ही बाब उल्लेखनीय आहे. पुढे केंद्र शासनाचा राष्ट्रीय सुधारित चूल कार्यक्रम १९८० च्या दशकापासून २००२ पर्यंत चालला. महाराष्ट्रात डॉ. आनंद कर्वे यांनी स्थापन केलेल्या ‘आरती’ या संस्थेने ‘लक्ष्मी’सारख्या चुलींचा प्रसार केला. या कार्यक्रमाचा मुख्य धडा असा, की धुराडे वेळोवेळी साफ न केल्यास उत्तम चूलही निरुपयोगी ठरते. देखभालीअभावी अनेक चुली वापरातून गेल्या.

निवडीचे निकष :

१) प्रयोजन : स्वयंपाकासाठी हलकी, लवकर तापणारी चूल, उबेसाठी जड व धुराड्याची चूल, स्नानाच्या पाण्यासाठी बंब, असा विभाग करावा.

२) इंधन : पऱ्हाट्या व तुराट्या झपाट्याने जळतात, त्यांच्यासाठी लहान तोंडाची, थोडेथोडे इंधन घालता येणारी चूल हवी. बाभळीचे घट्ट लाकूड सावकाश जळून टिकाऊ निखारा देते. गोवरी धुमसते, म्हणून ती धुराड्याविना घरात वापरू नये.

३) हवा : इंधनाखाली जाळी असावी, म्हणजे हवा खालून मिळते व राख साचत नाही.

४) निवारा : जिल्ह्यातील ऊसतोड मजूर हंगामात पाचटाच्या कोप्यांत राहतात. तेथे आगीचा धोका असल्याने धुराड्याची स्थिर चूल शक्य नाही. सोबत नेता येणारी व कोपीबाहेर वापरता येणारी शेगडीच उपयुक्त ठरते.

५) कार्यक्षमता : तीन दगडांच्या चुलीची कार्यक्षमता साधारणतः १० ते १५ टक्के असते. भारतीय मानक १३१५२ च्या २०१३ मधील सुधारणेनुसार सुट्या चुलीसाठी किमान २५ टक्के, तर पंख्याच्या चुलीसाठी ३५ टक्के कार्यक्षमता अपेक्षित आहे.

ही तपासणी महाविद्यालयीन स्तरावर, राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरातही करता येते. समजा, ५ लिटर पाणी २५ अंशांपासून ९५ अंशांपर्यंत तापविण्यास ६०० ग्रॅम कोरडे लाकूड लागले. पाण्याने घेतलेली उष्णता ३५० किलोकॅलरी व इंधनातील उष्णता २४०० किलोकॅलरी. म्हणजे कार्यक्षमता सुमारे १४.६ टक्के. वजनकाटा व तापमापक एवढ्याच साधनांवर गावातील निरनिराळ्या चुलींची तुलना होऊ शकते.

समारोप :

सारांश, स्थिर व समान उष्णता जाळ कोंडून मिळत नाही. कोरडे सरपण, पुरेशी हवा, योग्य ठिकाणी उष्णतेचा साठा आणि स्वच्छ धुराडे यांच्या मेळातून ती मिळते. सर्व घरांना व सर्व ऋतूंना पुरेल अशी एकच आदर्श चूल नाही. घर, इंधन आणि चूल पेटविणारी व्यक्ती या तिन्हींचा विचार करून, विशेषतः जी स्त्री त्या चुलीपुढे बसणार आहे तिचे मत घेऊन केलेली निवडच टिकाऊ ठरते.