अंगठ्याजवळची कडी

इंदूर-बैतूल रस्त्यावरच्या कन्नौदसारख्या तालुक्याच्या गावात काळी, दांडीची साधी सायकल अडली तर ती फार काळ अडून राहत नाही. कॉटर, एक्सल, फ्रीव्हील, छर्रे, सगळे मिळते. त्या सायकलीची मापे पिढ्यान्‌पिढ्या जवळपास बदललीच नाहीत. तीस-पस्तीस वर्षांपूर्वीच्या गिअरच्या माउंटन बाइकचे मात्र तसे नाही. १९७०च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या मरिन परगण्यात जो ब्रीझ, गॅरी फिशर यांच्यासारख्या हौशी मंडळींनी डोंगरउतारासाठी जुन्या जाड टायरच्या सायकली जुळवल्या. १९७७ मध्ये ब्रीझने खास त्या कामासाठी फ्रेम बांधली आणि १९८१ मध्ये ‘स्पेशलाइज्ड’ची ‘स्टम्पजम्पर’ कारखान्यातून बाहेर पडू लागली. पुढच्या पंधरा वर्षांत स्पर्धा एवढी वाढली की दर दोन-चार वर्षांनी कंपन्यांनी मापे बदलली. त्या काळच्या क्रोमोली पोलादाच्या फ्रेम आजही ठणठणीत आहेत, पण त्यांच्यावर बसणारे सुटे भाग बाजारातून गेले. जुने यंत्र निकामी होते ते झिजल्यामुळे कमी आणि त्याचे माप एकटे पडल्यामुळे जास्त, असे माझे मत आहे. म्हणूनच थोड्या संख्येने सुटे भाग करू पाहणाऱ्याने आपली सारी अक्कल त्या मापावर खर्च करावी.

याचा उत्तम दाखला म्हणजे कॅलिफोर्नियातल्या चिको गावी १९८९ मध्ये सुरू झालेल्या ‘पॉल कॉम्पोनंट’ या छोट्या कारखान्याचा ‘थम्बीज’ नावाचा भाग. सुरुवातीच्या माउंटन बाइकवर गिअरची लिव्हर हँडलच्या वर, अंगठ्याच्या टप्प्यात असे. आत फारसे काही नसे, त्यामुळे बिघडायलाही फारसे काही नव्हते. मग हँडलखाली बटणासारख्या दाबायच्या लिव्हर आल्या. त्यांच्या पोटात बारीक खिट्या आणि स्प्रिंगा असतात. वर्षे गेली की आतले ग्रीस घट्ट होते, खिटी दात्यावर पडत नाही आणि लिव्हर नुसतीच हलते. लोकांना वरची जुनी लिव्हर परत हवी होती, पण ती बनत नव्हती. चिकोच्या कारागिरांनी अख्खी लिव्हर बनवली नाही. हँडलच्या टोकाला बसवायच्या लिव्हर इतर प्रकारच्या सायकलींसाठी मोठ्या कंपन्या बनवतच होत्या. यांनी केली ती फक्त अॅल्युमिनियमची एक कडी. तिची एक बाजू हँडलला घट्ट धरते आणि दुसरीवर ती तयार लिव्हर स्क्रूने बसते.

ही काटकसर दिसते तेवढी साधी नाही. ‘शिमानो’च्या सात गिअरच्या मागच्या चक्रांमध्ये मध्यापासून मध्यापर्यंत पाच मिलिमीटर अंतर असते, तर आठ गिअरच्यात ४.८. साखळी एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणाऱ्या त्या काळच्या डिरेलरमध्ये केबल जेवढी ओढली जाते, त्याच्या साधारण १.७ पट डिरेलर सरकतो. म्हणजे लिव्हरमध्ये दर टप्प्याला एक दशांश मिलिमीटर चूक झाली, तरी सहा टप्प्यांनंतर साखळी एक मिलिमीटर बाजूला पडते आणि खडखडू लागते. अशी अचूकता पन्नास-शंभर नगांत आणणे लहान कारखान्याला परवडत नाही. कडीला ती लागतच नाही. तिला सांभाळायची आहेत दोन मापे: लिव्हरची बैठक आणि हँडलचा २२.२ मिलिमीटर व्यास. माउंटन बाइकच्या हँडलवर हात धरायच्या जागेचा हा व्यास तेव्हाही तोच होता आणि आजही तोच आहे. साखळीच्या दोन पिनांमधले अर्धा इंच अंतरही असेच टिकले आहे. जिथे माप सामायिक राहिले, तिथे जुने आणि नवे जोडता येते.

यावर कोणी म्हणेल, आता थ्रीडी प्रिंटर आहेत, हवा तो भाग छापून घ्यावा. झाकणे, केबलचे आधार यांसाठी ते ठीक आहे. पण प्लास्टिकचे थर एकमेकांपासून सुटतात, आणि ब्रेक, क्रँक किंवा स्टेममध्ये ते घडले तर माणूस तोंडावर आपटतो. हे भाग हौसेने करण्याचे नाहीत. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: एवढ्या खर्चात नवी सायकल का घेऊ नये? नुसता पैशाचा हिशेब केला तर कित्येकदा नवीच घ्यावी लागेल. पण चांगली फ्रेम एका कडीसाठी भंगारात जाणे हा पोलादाचा आणि ते जोडणाऱ्या हातांचा अपमान आहे, आणि तो टाळण्यासाठी थोडे जास्त मोजायला तयार असलेले लोक जगभर आहेत.

आपल्याकडे हे होऊ शकेल का? धार जिल्ह्यात पीथमपूरची औद्योगिक वसाहत आहे, देवासला कारखानदारी आहे. लेथ, मिलिंग, सीएनसी आणि ते चालवणारे टर्नर-फिटर यांची वाण नाही. किर्लोस्करांच्या उद्योगाची सुरुवातही १८८८ मध्ये बेळगावात सायकलीच्या दुकानातूनच झाली होती आणि आज किर्लोस्कर ब्रदर्सचा एक कारखाना देवासलाही आहे. अडचण आहे ती संख्येची. यंत्रावर काम लावायला जो वेळ जातो, तो पाच नगांना आणि पाचशे नगांना सारखाच. अॅल्युमिनियमवर संरक्षक थर चढवणारा अॅनोडायझिंगवाला मूठभर तुकड्यांसाठी टाकी चालवायला नाखूश असतो. काही भाग तर धातूचेही नसतात. १९९०च्या दशकातल्या शॉकअपमधले युरेथेनचे ठोकळे दमट हवेत चिकट होऊन भुगा होतात आणि त्यांच्यासाठी साचा करायचा तर साऱ्या साच्याचा खर्च थोड्याच गिऱ्हाइकांवर पडतो. तिथेही तयार स्प्रिंग शोधून तिला बसेल असा आधार लेथवर काढणे बरे.

माप घेण्यातही मेख आहे. झिजलेल्या चेनव्हीलचे दाते मोजून काही हाती लागत नाही. बोल्टची भोके झिजत नाहीत. पाच बोल्टच्या चेनव्हीलवर शेजारच्या दोन भोकांच्या मध्यांमधले अंतर व्हर्निअरने घ्यावे आणि १.७०१ ने गुणावे. ६४.७ मिलिमीटर आले तर बोल्टचे वर्तुळ ११० चे, ५५.३ आले तर ९४ चे. ही आकडेमोड शाळकरी मुलालाही जमेल. ज्यांच्याकडे अशी जुनी सायकल पडून आहे, त्यांनी ती भंगारवाल्याला देण्याआधी एवढी मापे तरी कागदावर उतरवून जवळच्या लेथवाल्याला दाखवावीत.