छोट्या गावचे विमान : व्यापाऱ्याने भरवसा किती ठेवावा?

२०२४ साली पुणे-जळगाव विमान सुरू झाले, त्यानंतरची गोष्ट. शनिवार पेठेतल्या आमच्या पेढीवर खानदेशातले एक जुने गिऱ्हाईक आले. एरवी ते रात्रभर बसने येत आणि सकाळी डोळे चोळत गादीवर बसत. या वेळी लोहगावला उतरून ताजेतवाने आले. नमुने पाहून झाले, चहा झाला. मग हळूच म्हणाले, "भाई, पुण्यात एक गाळा भाड्याने घ्यावा म्हणतो. आठवड्याला एक फेरी विमानाने करीन. हे विमान टिकेल ना?"

आम्ही कापडवाले. विमानातले आम्हांला काय कळणार? पण प्रश्न पागडीचा, भाड्याचा आणि एका घराच्या पुंजीचा होता. म्हणून चार दिवस मागून घेतले आणि माहिती गोळा केली. ती वाचक बांधवांच्याही उपयोगी पडेल म्हणून येथे देत आहोत.

लहान गावांसाठी विमान ही कल्पना नवी नाही. १९८१ साली सरकारने 'वायुदूत' ही कंपनी याच कामासाठी काढली. तिची एकोणीस आसनी डॉर्नियर विमाने पुष्कळांना आठवत असतील. मोठी विमाने जात नाहीत तेथे जायचे हे तिचे काम, आणि त्यातच ती तोट्यात रुतली. १९९३ साली तिला इंडियन एअरलाइन्समध्ये विलीन करण्यात आले.

तोटा का होतो, हे व्यापाऱ्याला समजावून सांगावे लागत नाही. आमचा एखादा तागा या लग्नसराईत विकला गेला नाही तर तो फडताळात राहतो, पुढच्या हंगामात थोडा भाव कमी करून निघतो. विमानातली रिकामी खुर्ची तशी नाही. विमानाने जमीन सोडली की त्या खुर्चीचा माल कायमचा बुडाला. इंधन, वैमानिकाचा पगार, विमानाचे भाडे हा खर्च मात्र खुर्ची भरो न भरो, होतोच. विमाने बहुधा भाड्याने घेतलेली असतात आणि ते भाडे डॉलरमध्ये मोजावे लागते. रुपया घसरला की बसल्या जागी खर्च वाढतो.

ही अडचण ओळखूनच केंद्र सरकारने २०१६ साली 'उडान' योजना आणली. तिचा हिशेब थोडक्यात असा. कंपनीने लहान गावच्या मार्गावर साधारण निम्म्या जागा ठरावीक दरात द्यायच्या. सुरुवातीला तासाभराच्या प्रवासाला हा दर २,५०० रुपये होता. त्यामुळे येणारी तूट सरकार भरून देते. हा पैसा मुख्यतः मोठ्या शहरांमधल्या विमानफेऱ्यांवर आकार लावून उभा केला जातो आणि राज्य सरकारही आपला वाटा घालते. अशा विमानतळांवर राज्याने इंधनावरचा विक्रीकर एक टक्क्यापर्यंत खाली आणायचा, अशीही अट आहे. मात्र मेख पुढेच आहे. तूट भरून देण्याची मुदत तीन वर्षांची. त्यानंतर मार्गाने स्वतःच्या कमाईवर जगावे, अशी अपेक्षा.

जगतात किती? महालेखापरीक्षकांनी २०२३ च्या अहवालात पहिल्या तीन फेऱ्यांचा हिशेब मांडला आहे. ७७४ मार्ग मंजूर झाले. त्यांपैकी ४०३ सुरूच झाले नाहीत. उरलेल्या ३७१ पैकी फक्त ११२ मार्गांनी तीन वर्षे पुरी केली. आणि मदत बंद झाल्यावर मार्च २०२३ पर्यंत चालू राहिले ते अवघे ५४. म्हणजे मंजूर झालेल्या शंभरातले सात.

आपल्या जळगावचेच पाहा. २०१७ च्या डिसेंबरात एअर डेक्कनचे छोटे विमान मुंबईहून तेथे आले. ती सेवा टिकली नाही आणि एप्रिल २०२० मध्ये कंपनीनेच कामकाज थांबवले. २०१९ साली हैदराबादच्या ट्रूजेटने जळगाव घेतले. हीच कंपनी एप्रिल २०१७ मध्ये उडानच्या पहिल्याच दिवशी नांदेड-हैदराबाद मार्गावर उतरली होती. २०२२ च्या आरंभी तीही बंद पडली. मग २०२४ साली गोव्याच्या फ्लाय-९१ ने जळगावला हात घातला. सात वर्षांत एकाच धावपट्टीवर तीन कंपन्या!

सोलापूरची कथा वेगळी. चादरी आणि टॉवेलची एवढी मोठी पेठ, विमानतळही तयार. पण उड्डाणाच्या वाटेत साखर कारखान्याची चिमणी उभी होती. ती जून २०२३ मध्ये पाडली. तरी गोव्याचे विमान सुरू व्हायला जून २०२५ उजाडला.

याचा अर्थ ही सेवा फसवी आहे, असे आम्ही म्हणत नाही. ज्या गावाला थेट विमान नाही, तेथला व्यापारी एका सौद्यासाठी दोन रात्री रस्त्यावर घालवतो, आणि त्या दोन रात्री दुकान नोकराच्या हाती असते. विमान त्या रात्री वाचवते. फ्लाय-९१ सारख्या कंपन्या पंख्याची, सत्तर-एक आसनांची एटीआर विमाने वापरतात. जवळच्या अंतराला ती इंधन कमी खातात आणि त्यांना आखूड धावपट्टीही पुरते. धंद्याची रीत चुकीची नाही. भांडवलाची दोरी बारीक आहे, एवढेच.

तेव्हा व्यापाऱ्याने तीन गोष्टी विचारून घ्याव्यात. कंपनीकडे विमाने किती? दोन-तीनच असतील तर एक बिघडले की सगळे वेळापत्रक कोलमडते. एका मागावर कारखाना चालवण्यासारखेच ते. मार्गाच्या मदतीची मुदत किती उरली? आणि फेरी रोजची की आठवड्यातून तीनदा? वार चुकला तर मुक्कामाचा खर्च तिकिटाच्या बचतीला खाऊन टाकतो. सहा-सहा महिन्यांची तिकिटे आगाऊ काढून ठेवू नयेत. कंपनी बुडाली तर आपण तिच्या घेणेकऱ्यांच्या रांगेत शेवटी उभे असतो. मालाच्या गाठी तर ट्रकनेच जाणार. विमानात फक्त आपण आणि नमुन्यांची पिशवी.

आणखी एक सांगावेसे वाटते. विमान नाही म्हणून तक्रार करणारे आपण, विमान आले की एखाददा हौसेने बसतो आणि पुन्हा बस पकडतो. गावच्या व्यापारी संघाने खरेदीचा वार ठरवला, कंपनीशी बोलून त्या वारी वीस-पंचवीस खुर्च्यांची खात्री दिली, तर मदत संपल्यावरही त्या मार्गाला तग धरायला आधार मिळेल. बांधलेले गिऱ्हाईक कोणाला नको असते?

चार दिवसांनी आम्ही त्या गिऱ्हाइकाला फोन केला. सांगितले, "गाळ्याचा हिशेब बसच्या भाड्याने आणि बसच्या वेळेने मांडा. त्यात जमत असेल तर बेशक घ्या. विमान चालले तर तो वरचा नफा. विमानाशिवाय जो गाळा परवडत नाही, तो घेऊ नका."

थोडा वेळ ते गप्प राहिले. मग म्हणाले, "म्हणजे वही पुन्हा काढावी लागणार." आम्ही म्हटले, "काढा. पागडी देण्याआधी वही काढलेली बरी."