शिफ्ट सुटल्यावरचे मित्र

दोस्तमंडळी म्हणजे रिकामपणाचे उद्योग, असं घरोघरी ऐकवलं जातं. रसायनीजवळच्या मोहोपाड्यासारख्या शिफ्टच्या गावात तरी हे कुणाला पटू नये. १९६० साली स्थापन झालेल्या हिंदुस्थान ऑरगॅनिक केमिकल्सने, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेल्या एचओसीने, रसायनीत गावोगावची माणसं एकत्र आणली. मे २०१७ मध्ये केंद्र सरकारने रॉकेटसाठी लागणाऱ्या एका रसायनाचा प्लांट तेवढा वगळून इथलं उत्पादन बंद करायचं ठरवलं. कंपनी बंद पडली की हिशेब होतो तो पगाराचा, ग्रॅच्युइटीचा, व्हीआरएसचा. फर्स्ट शिफ्टला बसमध्ये शेजारी बसणारा माणूसही तेव्हाच सुटतो, पण तो कुणाच्या हिशेबात नसतो.

खरं तर असायला हवा. संशोधक ज्युलिअॅन होल्ट-लुनस्टॅड आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये १४८ अभ्यास, म्हणजे तीन लाखांवर माणसांची माहिती, एकत्र तपासली. घरचे, शेजारी, मित्र असा गोतावळा भक्कम असलेल्यांची त्या त्या अभ्यासाच्या काळात हयात राहण्याची शक्यता सुमारे ५० टक्क्यांनी जास्त निघाली. ‘एकटेपणा म्हणजे रोज १५ सिगारेटी’ हे व्हॉट्सअॅपवर फिरणारं वाक्य अशाच तुलनेतून आलंय. तुलना जोखमीच्या आकाराची आहे. मित्र भरपूर आहेत म्हणून तंबाखू चालते, असा अर्थ कुणी काढू नये (कट्ट्यावर तो काढला जातो!).

“घरचे आहेत की, मित्र कशाला?” हा दुसरा समज. ऑस्ट्रेलियातल्या अॅडलेडमध्ये सत्तरी ओलांडलेल्यांवर दहा वर्षं लक्ष ठेवलं गेलं. मित्रांचा गोतावळा मोठा असलेले जास्त जगले; मुलं आणि नातेवाईक किती जवळचे, याने तसा फरक पडला नाही. मुलांवर भरवसा ठेवू नका, असं यात काही नाही. पण मुलगा नवी मुंबईला किंवा पुण्याला गेल्यावर संध्याकाळी हाक मारायला कोण आहे, हा प्रश्न उरतोच.

मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो तिसरा समज: “एका खात्यात वीस वर्षं काढली, दोस्ती आहेच.” कॅन्सस विद्यापीठाच्या जेफ्री हॉल यांनी २०१८ मध्ये तास मोजले. ओळखीची मैत्री व्हायला साधारण ५०, जिवलग व्हायला २०० हून अधिक. गंमत म्हणजे नुसतं सोबत काम केल्याच्या तासांनी जवळीक वाढली नाही. ती वाढली कामाबाहेर, मोकळ्या वेळात. म्हणजे प्लांटमधल्या वीस वर्षांपेक्षा सुट्टीच्या दिवशी खेळलेला कॅरम, गणपतीत एकमेकांच्या गावी केलेली फेरी, हॉस्पिटलात रात्रभर दिलेली सोबत यांचं वजन जास्त. रिटायर झाल्यावर कुणाचे मित्र टिकतात आणि कुणाचे फक्त ‘माजी सहकारी’ होतात, ते बरंचसं इथे ठरतं.

मन मोकळं केलं की बरं वाटतं, हे खरं. पण रोज तेच रडगाणं उगाळलं तर नाही. अमांडा रोझ यांच्या शाळकरी मुलांवरच्या संशोधनात अशा उगाळण्याने मैत्री घट्ट झालेली दिसली, सोबत मुलींमध्ये चिंता आणि उदासीही.

जुन्या मित्राशी बरीच वर्षं बोलणं नाही, आता कसा फोन करू? २०२२ च्या एका संशोधनात दिसलं, की समोरच्याला किती आनंद होईल याचा आपला अंदाज सहसा कमी पडतो, आणि विचारपूस अनपेक्षित असेल तर त्याला जास्तच बरं वाटतं. “काय रे, काय काम काढलंस?” असं विचारलं गेलं तर “काही नाही, सहज” एवढं उत्तर पुरतं.

मात्र झोप उडाली, जेवण सुटलं, जगणं नकोसं वाटू लागलं, तर मित्र डॉक्टरची जागा घेऊ शकत नाही. तेव्हा त्याने करायचं काम म्हणजे सोबत दवाखान्यात जाणं, किंवा १४४१६ हा टेली-मानसचा नंबर लावून देणं. तो फुकट आहे, चोवीस तास चालतो आणि तिथे मराठीतून बोलता येतं.