फोटोत न येणारी गाडी

फ्लोरिडातली जुनी पोर्शे सिॲटलमध्ये बसून घेणारा माणूस फ्लोरिडातल्याच मेकॅनिकला पैसे मोजतो आणि विचारतो काय, तर ‘गाडी चांगली आहे ना?’ हा प्रश्नच फुकट जातो. चांगली-वाईट हे झालं मत, आणि सौदा अंगाशी आला की मत देणारा नामानिराळा राहतो. दूरच्या गिऱ्हाइकाने मागावीत ती मोजमापं, कारण ती घरबसल्या पुन्हा तपासता येतात. पोर्शेची पाण्याने थंड होणारी पहिली ९११, म्हणजे ‘९९६’ पिढी घ्या. तिचा इंजिन-कॉम्प्युटर इंजिनच्या मर्यादेबाहेरच्या फेऱ्यांची नोंद दोन टप्प्यांत ठेवतो. ॲक्सिलरेटर दाबून धरला तर फेऱ्यांना लगाम घालणारा लिमिटर इंजिनला आवरतो. अशा वेळच्या नोंदी पहिल्या टप्प्यात जातात आणि त्यांनी फारसं बिघडत नाही. पण चौथा टाकायला जाऊन दुसरा गिअर पडला, तर चाकंच इंजिनला फरपटत नेतात आणि लिमिटर हात चोळत बसतो. दुसरा टप्पा भरतो तो असा. तिथे नोंदींच्या आकड्यापेक्षा, नोंद इंजिनच्या कितव्या तासाला झाली ते बघावं. एकूण २,१०० तास चाललेल्या इंजिनात शेवटची नोंद ३०० व्या तासाची असेल, तर त्यानंतर ते १,८०० तास धडपणे चाललं आहे. २,०९५ व्या तासाची असेल, तर बोलणी तिथेच थांबवावीत. हेच तास मीटरचीही उलटतपासणी घेतात. ६३,००० मैल भागिले २,१०० म्हणजे ताशी ३० मैल, पटण्यासारखं. मीटर ३०,००० दाखवत असेल तर सरासरी १४ वर येते. मग गाडी जन्मभर ट्रॅफिकमध्ये अडकली होती का, हे मालकाला विचारायलाच हवं. कॉम्प्युटर बदललेला असू शकतो, हा आक्षेप खरा. पण बदलला असला तर बहुधा हाच हिशेब जुळत नाही.

याहून वजनदार आक्षेप बेअरिंगचा. या इंजिनातलं इंटरमिजिएट शाफ्टचं बेअरिंग बऱ्याचदा पूर्वसूचना न देता जातं, मग तपासणीचा उपयोग काय? भविष्य कळत नाही, कबूल. पण ऑइल फिल्टर कापून त्याच्या घड्यांत धातूचा चुरा आहे का ते दिसतं, आणि बेअरिंग बदलल्याचं बिल नसेल तर तो खर्च किमतीतून वळता करता येतो. काहीशे डॉलरची तपासणी महाग वाटते ती इंजिनचं काम दहा हजारांच्या पुढे जातं हे कळेपर्यंत. सिलिंडरबाबत मात्र अर्धी तपासणी नसल्यातच जमा. स्पार्क प्लगच्या भोकातून कॅमेरा घातला की वरचा भाग स्वच्छ दिसतो. पण सिलिंडरच्या भिंतीवरचे ओरखडे बऱ्याचदा खालच्या बाजूला असतात आणि त्यासाठी ऑइल संप उतरवावा लागतो. ‘दुसरं गिऱ्हाईक दारात उभं आहे’ म्हणत विक्रेता संप उतरवायला नकार देत असेल, तर ओरखडे आहेत असं धरूनच भाव सांगावा.