पंचहौद : आलेले, गेलेले, राहिलेले

पंचहौद मिशन म्हटलं की मराठी वाचकाला चहा आठवतो. ऑक्टोबर १८९०. डॉ. आनंदीबाईंचे पती गोपाळराव जोशी यांनी पुण्यातल्या पुढारी मंडळींना मिशनमध्ये जमवलं, समोर चहा-बिस्किटं आली, आणि मग जमलेल्यांची नावं ‘पुणे वैभव’मध्ये छापून आली. नावांत टिळक होते, रानडे होते. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, शास्त्र्यांपुढे सुनावण्या झाल्या, १८९२ मध्ये प्रायश्चित्तं झाली. रमाबाई रानड्यांच्या आठवणींत हा प्रसंग आहे, टिळकांच्या चरित्रांत आहे, आणि पुण्याच्या सामाजिक इतिहासावरचं कुठलंही पुस्तक त्याला चार पानं दिल्याशिवाय पुढे सरकत नाही. गंमत अशी, की या साऱ्या कथनांत मिशनवाल्यांना काहीच भूमिका नाही. चहा पाजणारे हे लोक कोण होते, ऐन गुरुवार पेठेत का येऊन राहिले होते आणि वर्षाचे उरलेले ३६४ दिवस काय करत होते, हे विचारायचं आपण विसरून गेलो.

पुण्यात इंग्रजांची चर्च त्याआधीही होती. लष्करातलं सेंट मेरीज १८२५ सालचं. कलकत्त्याचे बिशप हीबर यांच्या हातून त्याचं समर्पण झालं. पण ती चर्च पलटणींसाठी होती. तिथले चॅप्लेन सरकारी पगारावर असत आणि लष्कराची हद्द ओलांडून शहरात शिरण्याची गरज त्यांना क्वचित भासे. पंचहौदाची गोष्ट वेगळी. गुरुवार पेठ, म्हणजे जुनी वेताळ पेठ. लष्करातल्या ऐसपैस बंगल्यांत न राहता शहरी वस्तीत मराठी माणसांमध्ये राहायचं, हे ठरवून घेतलेलं धोरण होतं.

ते घेणारे लोकही इंग्लंडात थोडे विचित्रच समजले जात. आठव्या हेन्रीने सोळाव्या शतकात मठ मोडून काढले, तेव्हापासून इंग्लिश चर्चमध्ये संन्यस्त संघ उरलेच नव्हते. एकोणिसाव्या शतकात ऑक्सफर्डमधून उठलेल्या चळवळीने जुन्या उपासनेची, धूपदीपांची, व्रतस्थ जीवनाची ओढ पुन्हा जागी केली. १८४८ मध्ये वाँटेज गावी विल्यम बटलर यांनी सिस्टरांचा संघ स्थापला; १८६६ मध्ये ऑक्सफर्डलगतच्या काउली गावात रिचर्ड मो बेन्सन यांनी पुरुषांचा. दारिद्र्य, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन ही तीन व्रतं. कट्टर प्रॉटेस्टंटांच्या नजरेत हे सारं पोपच्या वळणावर गेलेलं. १८७० च्या दशकात हे दोन्ही संघ हिंदुस्थानात आले. वाँटेजच्या सिस्टर १८७७ मध्ये पुण्याला पोचल्या. स्कॉटिश आणि अमेरिकन मिशनांचा ख्रिस्ती धर्म पुणे-नगरला परिचित होता. त्यात भर होता प्रवचनावर, वादावर, छापील पत्रकांवर. इथे मात्र जपलेले नेमधर्म होते, रोजची ठरलेल्या घटकांची प्रार्थना होती, उपासाचे दिवस होते. पेठेतल्या म्हाताऱ्यांना काउलीवाले कदाचित जास्त कळले असतील, असा माझा आपला अंदाज.

वस्तीत जाऊन राहण्याच्या या धोरणाच्या बाजूचे त्या वेळचे मुंबईचे बिशप लुई मिल्नही होते. पुढे १९०८ मध्ये लिहिलेल्या ‘मिशन्स टु हिंदूज’ या पुस्तकात त्यांनी मुद्दा मांडला, की गावोगाव भटकून बी उधळण्यापेक्षा एकाच जागी ठाण मांडून खोल काम करावं. गुरुवार पेठेत ते धोरण विटा-चुन्यात उभं राहिलेलं दिसतं. चर्च, सिस्टरांचा मठ, शाळा, वसतिगृहं, सगळं जवळजवळ. शिकणारा मूल असताना आत येई आणि इथेच वाढून, लग्न लागून, मुलांना बाप्तिस्म्याला घेऊन परत येई. ॲंग्लिकन व्यवस्थेत याला पॅरिश म्हणतात: ठरावीक हद्द, त्या हद्दीतल्या माणसांची जन्मापासून मातीपर्यंतची जबाबदारी पाळकाची. त्यात ख्रिस्ती नसलेला शेजारीही येतो. म्हणून एपिफनी आणि सेंट हिल्डाज या मिशनच्या शाळा केवळ मंडळीच्या मुलांसाठी राहिल्या नाहीत.

या आवारातलं चर्च, पवित्र नाम देवालय, १८८५ मध्ये उपासनेसाठी खुलं झालं. त्याचा मनोरा चर्चपासून सुटा, सुमारे १३० फूट उंच, आणि त्यात लफबरोच्या टेलर यांच्या ओतशाळेतल्या आठ घंटा. या घंटांबद्दल दोन शब्द जास्त लिहायला हवेत, कारण पुण्यात असून पुणेकरांना त्यांचा प्रकार माहीत नाही. इंग्लिश पद्धतीत प्रत्येक घंटा मोठ्या चाकाला जोडलेली असते. दोर ओढला की ती पूर्ण वर्तुळ फिरते. एका घंटेमागे एक माणूस. एका फेरीत आठही घंटा एकेकदा वाजतात आणि पुढच्या फेरीत त्यांचा क्रम बदलतो. आठ घंटांचे असे ४०,३२० क्रम होतात. कुठली घंटा कुणामागे येणार हे कागद न बघता लक्षात ठेवायचं असतं. यात गाणं कमी आणि गणित जास्त. आपल्याकडच्या ढोल-ताशाच्या पथकाला हे काम लवकर जमेल. एकट्याने ते कधीच होत नाही, आणि आठातला एक गैरहजर राहिला तर सगळी मांडणीच बदलावी लागते.

या आवारात आलेल्यांपैकी इतिहासाला जी माणसं माहीत आहेत ती बहुतेक इथे टिकली नाहीत. नीळकंठशास्त्री गोऱ्हे हे पहिलं नाव. १८२५ चा जन्म, चित्पावन घराणं, काशीचं शिक्षण. मिशनऱ्यांचं खंडन करायला म्हणून ख्रिस्ती ग्रंथ वाचायला घेतले आणि १८४८ मध्ये स्वतःच बाप्तिस्मा घेऊन नेहेम्या झाले. षड्दर्शनांवरचं त्यांचं खंडन गाजलं. काउलीच्या संघात ते उमेदवार म्हणून दाखल झाले, पुण्यात राहिले, पण अखेरची व्रतं त्यांनी घेतली नाहीत. १८९५ मध्ये ते वारले तोवर त्यांची शंका आणि त्यांची श्रद्धा दोन्ही शाबूत होत्या. आयुष्यभर वाद घातलेल्या माणसाने कुठल्याही एका घरात पूर्ण मुक्काम करू नये, हे मला पटतं.

दुसरं नाव पंडिता रमाबाई. गोऱ्ह्यांशी चर्चा आणि वाँटेजच्या सिस्टरांशी ओळख ही दोन्ही पुण्यातली. ‘स्त्री धर्मनीती’च्या विक्रीतून प्रवासखर्च काढून त्या १८८३ मध्ये विलायतेला गेल्या, त्या वाँटेजच्या मठातच. डॉक्टर व्हायचं मनात होतं. कानांनी साथ दिली नाही. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी आणि त्यांच्या लहानग्या मुलीने, मनोरमेने, बाप्तिस्मा घेतला. यामागचं कारण त्यांनी पुढे स्वतः सांगितलं आहे, आणि ते धर्मशास्त्राचं नाही. लंडनजवळ फुलम इथे सिस्टरांचं एक घर होतं. ज्या बायकांना समाजाने ‘पतित’ म्हणून बाहेर टाकलं त्या तिथे राहत, आणि त्यांच्यातल्याच काही सावरल्यावर दुसऱ्यांची सेवा करत. रमाबाईंना हे नवं होतं. आपल्याकडे अशा बाईला जागाच नाही, हे त्यांना ठाऊक होतं. पुढे केडगावच्या मुक्तिसदनात त्यांनी अशाच बायकांसाठी कृपासदन उभारलं. पॅरिशच्या सेवाकार्याचा परिणाम कसा मोजावा, असा प्रश्न हल्ली सगळीकडे अहवालांतून विचारला जातो. फुलम ते केडगाव या रेषेला कुठल्या रकान्यात बसवायचं?

आणि तरीही रमाबाई वाँटेजच्या झाल्या नाहीत. सिस्टर जेराल्डिनला त्या पत्रांत ‘आजीबाई’ म्हणत, आणि त्याच पत्रांतून तिच्याशी कडकडून भांडत. क्रूसावर लॅटिन अक्षरं कशाला, माझ्या देशातल्या बायकांना लॅटिन येतं का, संस्कृत का नको? अंडं घातलेला पदार्थ मी का खावा? चेल्टनहॅमच्या कॉलेजात त्यांनी इंग्रज मुलग्यांना शिकवावं का, यावर मुंबई आणि लाहोरच्या बिशपांनी हरकत घेतली, तेव्हा तर त्या चिडल्याच. त्रैक्याचा सिद्धांतही त्यांनी चर्च सांगतं म्हणून मान्य केला नाही. १८८६ मध्ये त्या अमेरिकेला गेल्या. १८८९ मध्ये मुंबईत शारदासदन निघालं आणि नोव्हेंबर १८९० मध्ये ते पुण्यात आलं, म्हणजे पंचहौदातल्या त्या चहानंतर महिन्याभरात. मिशनला त्यांचा उपयोग काय झाला असं कुणी विचारलं, तर उत्तर जवळजवळ काहीच नाही असं येईल. मिशनचा त्यांना झाला.

तिसरी वाट जरा नंतरची, आणि ती पंचहौदाच्या आवारातली नव्हे, त्याच धर्मप्रांतातली. १९२२ मध्ये जॅक विन्स्लो यांनी ख्रिस्त सेवा संघ सुरू केला; पुढे तो पुण्यात शिवाजीनगरला आला. खादीचे झगे, जमिनीवर बसून मराठी जेवण, गोऱ्या-काळ्यांनी एकत्र राहणं. १९२७ मध्ये इथे ऑक्सफर्डचा एक तरुण दाखल झाला, व्हेरिअर एल्विन. त्याला गांधींची ओढ लागली, सरकारची आणि बिशपांची नजर त्याच्यावर गेली, आणि शामराव हिवाळे या मराठी ख्रिस्ती मित्राला घेऊन तो मंडल्याच्या गोंडांमध्ये निघून गेला. १९३५ मध्ये त्याने पाद्रीपणही सोडलं. मानववंशशास्त्राला एल्विन मिळाला तो असा. हिवाळ्यांचं नाव मात्र एल्विनच्या चरित्रांतच सापडतं, त्याबाहेर फारसं नाही.

आता राहिलेल्यांकडे येतो. चहा पिऊन गेलेल्यांवर ग्रंथ आहेत, भांडून गेलेल्यांवर प्रबंध आहेत, पण पंचहौदाची मंडळी म्हणजे राहिलेली माणसं. मराठी ख्रिस्ती समाजातली बहुतेक कुटुंबं नगर, जालना, सोलापूर पट्ट्यातल्या महार-मांग वस्त्यांतून आलेली. १८७६-७८ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांनी कित्येकांना मिशनच्या दारी आणलं. ‘तांदळाचे ख्रिस्ती’ असं त्यांना हिणवणं सोपं आहे. भुकेल्याला भाकर देणाऱ्याचा धर्म जवळचा वाटला यात हिणवण्याजोगं काय, हे मला कधी उमगलेलं नाही. त्यांच्या मुली शिक्षिका झाल्या, नर्स झाल्या. मुलगे रेल्वेत, लष्करी कचेऱ्यांत, छापखान्यांत लागले. धर्म बदलला तरी वस्तीने जात विसरली नाही आणि १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने ख्रिस्ती झालेल्यांना अनुसूचित जातींच्या सवलती नाकारल्या गेल्या. हा आदेश पुढे शिखांसाठी आणि बौद्धांसाठी दुरुस्त झाला. ख्रिस्त्यांसाठी अजून नाही. पेठेतल्या पॅरिशच्या घराघरांत या एका कलमाने किती फरक पडला असेल, याची कल्पना शाळेच्या दाखल्यावर जात लिहिताना अडखळलेल्या कुठल्याही कुटुंबाला येईल.

कागदोपत्री ॲंग्लिकन असणं हळूहळू सुटत गेलं. १९३० मध्ये इथलं चर्च इंग्लंडच्या चर्चपासून कायद्याने वेगळं झालं. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा चर्च एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं, आणि पुढे पवित्र नाम देवालय पुणे धर्मप्रांताचं कॅथेड्रल झालं. धूप आणि झगे कमी-जास्त झाले असतील. ‘उपासना संगीत’ हे गीतपुस्तक हातात धरून टिळकांचे, म्हणजे रेव्हरंड ना. वा. टिळकांचे, अभंग गाणारी मंडळी तीच. मराठी चर्चमध्ये कापणीच्या सणाला घरून आणलेलं धान्य, फळं, केक, कोंबड्या यांचा लिलाव होतो, आणि एक भोपळा हट्टाने तिप्पट किमतीला जातो. पैसे मंडळीच्या खर्चाला. डिसेंबरात तरुण संघ गाणी घेऊन घरोघर फिरतो. नाताळच्या फराळात करंज्या, चकल्या, शंकरपाळी असतात आणि शेजारच्या हिंदू घरी ताट जातं. दिवाळीला त्या घरचं इकडे आलेलं असतं, त्याची परतफेड. १८९० मध्ये ज्या देवघेवीवर प्रायश्चित्त लागलं ती आज पेठेत कुणाच्या लक्षातही येत नाही, यात अर्थात मिशनचं श्रेय थोडं आणि काळाचं जास्त.

राहिलेल्यांचा इतिहास लिहायला साधन नाही असं नाही. ॲंग्लिकन नोंदवह्यांचा साचा ठरलेला असतो. बाप्तिस्म्याच्या नोंदीत तारीख, मुलाचं नाव, आईबापांची नावं, राहण्याचं ठिकाण, बापाचा धंदा. लग्नाच्या नोंदीत वय, सही किंवा अंगठा, साक्षीदार. मुंबई इलाख्यातल्या अशा नोंदींच्या प्रती कंपनीच्या काळापासून लंडनला पाठवल्या जात आणि त्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. धंद्याचा एकच रकाना पिढ्यान्‌पिढ्या वाचत गेलं तरी शेतमजुराचा नातू मास्तर कधी झाला हे कळेल. अंगठ्याच्या जागी सही कधी आली, आणि बायकांची सही पुरुषांच्या आधी आली की नंतर, हेही. टिळकांनी चहा घेतला की नुसता कपाला हात लावला, यावर मराठीत पुरेसं लिहून झालं आहे. या वह्या घेऊन कुणीतरी बसायला हवं.