शुक्तीतील रजत आणि ताटातील तिसऱ्या

नारळी पौर्णिमेला सागरास श्रीफळ अर्पण करून कोकणचा दर्यावर्दी आपली होडी पुन्हा पाण्यात लोटतो. या दिवशी पापलेट-सुरमईचे आणि मोठ्या नौकांचे कौतुक यथास्थित होते. परंतु जिला मिळविण्यास नौकाही लागत नाही आणि जाळेही लागत नाही, त्या खाडीतल्या शिंपलीचे स्मरण सहसा कोणी करीत नाही. म्हणून श्रावणातील आमचा मत्स्यत्याग अबाधित ठेवूनच आज तिसऱ्यांविषयी चार शब्द लिहिण्याचे आम्ही योजिले आहे.

सारस्वत घरात जन्मल्यामुळे मत्स्याहार आम्हांस निषिद्ध नाही. कीर्तनाच्या दिवशी मात्र आम्ही तो वर्ज्य मानतो. कार्तिकापासून वैशाखापर्यंत देवळोदेवळीच्या उत्सवांची निमंत्रणे येतात आणि रत्नागिरीपासून मालवण, वेंगुर्ले ओलांडून थेट पेडण्यापर्यंत आमची झांज फिरते. कीर्तन आटोपल्यावर दुसऱ्या दिवशी यजमानाघरी जे ताट वाढले जाते, त्यात तिसऱ्यांचा मान मोठा. कोठे त्यांना शिवल्या म्हणतात. त्यांचेच भाईबंद मुळे, खुबे आणि कालवे हेही ज्या त्या गावी आवडीने खाल्ले जातात.

हे अन्न बाजाराच्या वेळेवर येत नाही, तिथीच्या वेळेवर येते. तिथीची पाऊणपट केली की स्थूलमानाने भरतीची वेळ निघते, हा किनाऱ्यावरचा जुना हिशेब. पौर्णिमेचे पंधरा घेतले तर सव्वा अकरा. तेथून सुमारे सहा तासांनी ओहोटी. पौर्णिमा-अमावास्येच्या सुमारास उधाण असल्यामुळे पाणी दूरवर हटते आणि वाळूचे पट्टे उघडे पडतात. अष्टमीच्या आसपास भांग. तेव्हा पाणी फारसे हलत नाही. मालवणजवळच्या एका खाडीकाठी आम्ही उतावीळपणे चौकशी करता एक वृद्ध बाई म्हणाल्या, "बुवानू, आज भांग आसा. आज काय गावाचा नाय. पुनवेक येवा." पंचांग आम्हीही नित्य उघडतो, परंतु त्या माउलीने ते गुडघाभर पाण्यात उभे राहून वाचले होते. पायाच्या तळव्याने चाचपून, हाताने उकरून, वाकल्या कमरेने टोपली भरावी लागते, तेव्हा ताटात वाटीभर तिसऱ्या येतात.

पाककृतीतही घाई चालत नाही. आणलेल्या तिसऱ्या प्रथम काही तास खारट पाण्यात ठेवाव्या, म्हणजे पोटातील वाळू त्या आपणच टाकतात. तोंड उघडे असलेली शिंपली टिचकी मारूनही मिटत नसेल, तर ती मेलेली समजून निःशंक फेकावी. मग स्वच्छ धुऊन विळीवर एकेक उघडावी. मांस एका शिंपेत राखून दुसरी शिंप टाकावी. यालाच एकशिपी म्हणतात. उघडताना गळणारे पाणी गाळून ठेवावे, खरी चव त्यातच असते. खोबरेल तेलावर कांदा परतून हळद, मालवणी मसाला, तिसऱ्या आणि ते पाणी घालून झाकण ठेवावे. पाणी मुळातच खारे असल्याने मीठ शेवटी, चाखूनच. थोड्याच मिनिटांत मांस शिजते. अधिक शिजविल्यास ते चिवट होते. वर दोन आमसुले आणि ओले खोबरे. सोबत तांदळाची भाकरी व सोलकढी असली, म्हणजे वर्णनाची गरज उरत नाही.

संस्कृतात शिंपलीला शुक्ति म्हणतात. वाळूत चकाकणारी शुक्ति पाहून रुपे पडले आहे असा भ्रम होतो, हा दृष्टान्त वेदान्तात प्रसिद्ध आहे. श्रीमत् शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रभाष्याच्या आरंभीच अध्यास सांगताना तो योजिला आहे. कीर्तनात आम्ही तो शेकडो वेळा सांगितला असेल. परंतु खाडीकाठी हिंडताना त्याचा एक व्यावहारिक अर्थही ध्यानी आला. शिंपलीत केवळ रुपे, म्हणजे केवळ रुपये पाहणारा माणूस शेवटी शिंपलीसही मुकतो.

आचार्यांच्या जन्मभूमीतच याचे उदाहरण घडले. केरळात कोल्लमजवळ अष्टमुडी नावाचे विस्तीर्ण खारे सरोवर आहे. तेथे तिसऱ्यांचा उपसा अतोनात वाढला आणि १९९०च्या दशकाच्या आरंभी उत्पन्न घसरले. तेव्हा मच्छीमार, शासन व शास्त्रज्ञ यांच्या विचाराने निर्बंध आले. डिसेंबर ते फेब्रुवारी या प्रजननकाळात उपसा बंद, जाळ्याचे डोळे मोठे आणि लहान शिंपल्यांना अभय. या संयमाचे फळ म्हणून २०१४ साली त्या व्यवसायास मरीन स्टुअर्डशिप कौन्सिलचे प्रमाणपत्र मिळाले. असा मान मिळविणारा तो भारतातील पहिला मत्स्यव्यवसाय होय.

आपल्याकडे १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते. खाडीत पायी उतरणाऱ्यांची मर्यादा मात्र बहुधा त्यांच्या विवेकावरच अवलंबून राहते. शिंपली पाणी आत ओढते, त्यातील सूक्ष्म अन्न गाळून घेते आणि पाणी बाहेर सोडते. त्यामुळे खाडीत घाण सोडली तर ती फिरून आपल्याच ताटात येते. वाळूचा बेसुमार उपसा झाला, तर तिचे घरच जाते. मग त्या वाकल्या कमरेच्या माउलीने उतरावे कोठे?

तेव्हा वाचकहो, चातुर्मास सरल्यावर किनाऱ्याने प्रवास घडेल तेव्हा तिसऱ्या अवश्य घ्या. घेताना त्या कोणत्या खाडीच्या, हे विचारा. नखाएवढ्या बारीक शिंपल्या वाट्यात दिसल्या, तर स्वस्त मिळाल्या तरी नाकारा. भावासाठी घासाघीस मात्र करू नका. त्या वाट्यात एका अख्ख्या ओहोटीचे कष्ट असतात. आज सागरास आपण नारळ देतो. बारीक शिंपली वाळूत राहू देणे, हेही त्याला दिलेलेच दान आहे.