आधी गाव, मग नाव

कोल्हापूर जिल्ह्यातल्या वडगावच्या दवाखान्यात पेशंट आला की कंपाउंडरचा पहिला प्रश्न ठरलेला: "गाव कुठलं?" भादोले, मिणचे, किणी, घुणकी, लाटवडे. केसपेपरचे गठ्ठेही गावागावानं बांधलेले. पाटील आणि माने इतके, की नुसत्या नावावरून कागद सापडणं मुश्कील. गाव कळलं की लगेच हाताला लागायचा. गेल्या पंचवीस वर्षांत आमच्या भागातल्या दवाखान्यांत कितीतरी सॉफ्टवेअर आली नि गेली. त्यांतली कंपाउंडरच्या या प्रश्नाला धरून चालणारीच टिकली, असं माझं ठाम मत आहे.

तसा कॉम्प्युटर इथं लवकर पोचला. 1998 साली शेजारच्या वारणा खोऱ्यातल्या सत्तर गावांत 'वायर्ड व्हिलेज' प्रकल्प सुरू झाला. दवाखान्यात मात्र कॉम्प्युटर बरीच वर्षं बिलं छापण्यापुरताच राहिला. नावं इंग्रजीत टाकायची. 'चौगुले' एकानं एका स्पेलिंगनं टाकलं आणि दुसऱ्यानं दुसऱ्या स्पेलिंगनं शोधलं, की जुना पेशंट नवा म्हणून नोंदला जायचा. त्यात लोडशेडिंग.

2001 च्या जनगणनेत कोल्हापूर जिल्ह्यात सहा वर्षांखालच्या हजार मुलांमागे 839 मुली होत्या. तेव्हाचे जिल्हाधिकारी लक्ष्मीकांत देशमुख यांनी गर्भलिंग तपासणीला आळा घालायला 2009-10 मध्ये सोनोग्राफी मशिनला तपासणीची नोंद ठेवणारे 'सायलेंट ऑब्झर्व्हर' बसवले, गर्भवतीच्या सोनोग्राफीसाठी भरायचा 'एफ' फॉर्म ऑनलाइन केला. सोनोग्राफी सेंटरमध्ये कॉम्प्युटरवरची नोंद अशी सक्तीनं आली, आणि ती सक्ती योग्यच होती.

पुढं मोबाइल आला आणि सॉफ्टवेअरवाल्यांनी फोन नंबरलाच पेशंटची ओळख केलं. इथं एका घरात एकच नंबर दिला जातो. नंबर टाकला की पडद्यावर अख्खं घर उघडतं, आणि गर्दीत चुकीच्या ओळीवर क्लिक झालं तर आजीच्या बीपीच्या गोळ्या सुनेच्या नावावर चढतात. हा धोका मला सर्वांत मोठा वाटतो. 27 सप्टेंबर 2021 ला देशभर सुरू झालेल्या डिजिटल आरोग्य मिशनचा, प्रत्येकाला वेगळा मिळणारा चौदा अंकी 'आभा' नंबर यावर चांगला उपाय आहे. पण उसाच्या फडातून थेट आलेल्या बाईकडं तो त्या वेळी असेलच असं नाही. तिचं गाव मात्र तिला तोंडपाठ असतं.

म्हणून नवीन सॉफ्टवेअर घेताना सेल्समनचा डेमो बघून भागत नाही. ऐन ओपीडीच्या गर्दीत कंपाउंडरला त्यावर बसवावं, गावावरून जुना पेशंट काढायला सांगावं, मध्येच इंटरनेट बंद करून बघावं. आणि कंपनी बदलायची वेळ आली तर सगळ्या नोंदी एक्सेलमध्ये काढून मिळतील, हे करारातच लिहून घ्यावं.